न्यी पू आणि ब्रह्मदेशाचा चित्रपट

ब्रह्मदेशाचे नाव निघाले म्हणजे मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे बहुधा दोन चित्रे उभी राहतात. एक मंडालेच्या तुरुंगाचे, जेथे लोकमान्य टिळकांनी १९०८ ते १९१४ ही सहा वर्षे काढली आणि 'गीतारहस्य' लिहिले; दुसरे रत्नागिरीच्या थिबा राजवाड्याचे, जेथे ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाने १९१६ साली देह ठेवला. आमचा पुढारी त्यांच्या देशात आणि त्यांचा राजा आमच्या देशात, अशी ही अदलाबदल इंग्रजांनी आपल्या सोयीसाठी केली व तिच्यामुळे दोन्ही देशांची नावे एकमेकांच्या इतिहासात कायमची गुंतून राहिली. परंतु ही दोन्ही चित्रे बंदिवासाची आहेत, आणि दोन्ही परक्याने रेखाटलेल्या चौकटीतली आहेत. ब्रह्मी माणसाने स्वतःचे चित्र स्वतः काढावयास केव्हा आरंभ केला, ते काढताना त्याला कोणत्या अडचणी आल्या, आणि त्या चित्राचे पुढे काय झाले, हा प्रश्न आमच्याकडे क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात त्याचा मागोवा आम्ही एका माणसाच्या आयुष्याच्या धाग्याने घेणार आहोत. तो माणूस म्हणजे ब्रह्मदेशाचा पहिला चित्रपटनट आणि पुढे दिग्दर्शक झालेला न्यी पू.

न्यी पू याचा जन्म १९०० सालचा. त्याच्या जन्मापूर्वी पंधराच वर्षे आधी, १८८५ च्या नोव्हेंबरात, इंग्रजी फौज मंडालेत शिरली होती, आणि १८८६ पासून सारा ब्रह्मदेश हिंदुस्थानचा एक प्रांत म्हणून कारभाराच्या वहीत नोंदला गेला होता. ज्या राष्ट्राला स्वतःचा राजा, स्वतःचा दरबार व स्वतःची प्रदीर्घ परंपरा होती, त्याला दुसऱ्या एका पारतंत्र्यातील देशाचे शेपूट म्हणून राहावे लागले. या दुहेरी पारतंत्र्याची जाणीव ठेवल्यावाचून ब्रह्मी लोकांच्या पुढील कोणत्याही चळवळीचा अर्थ लागावयाचा नाही. आणि चित्रपटासारखी वरवर निव्वळ करमणुकीची वाटणारी गोष्टही याला अपवाद नाही.

ब्रह्मी चित्रपटाचा जन्म एका प्रेतयात्रेतून झाला, असे म्हटले तर वाचकांस विचित्र वाटेल. पण वस्तुस्थिती तशीच आहे. १९१९ साली माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांमधून ब्रह्मदेशाला वगळण्याचे घाटत होते. त्याविरुद्ध दाद मागण्यासाठी रंगूनच्या तरुण बौद्ध संघाने लंडनला एक शिष्टमंडळ धाडले. त्यातील एक सभासद ऊ थुन शेन हा होता. तो मरण पावला तेव्हा ओन मौंग नावाच्या हौशी व उद्योगी माणसाने त्याच्या अंत्ययात्रेचे चलच्चित्र घेतले व ते लोकांस दाखविले. पडद्यावर ना कथा, ना नट, ना आवाज; होती ती केवळ आपली माणसे, आपले रस्ते आणि आपल्या एका पुढाऱ्याला दिलेला निरोप. परंतु हे पाहावयास लोकांनी जी गर्दी केली, तिच्यामुळे ओन मौंगला उमगले की या यंत्राला येथे मोठे भवितव्य आहे. आमच्याकडेही आरंभ थोडाफार असाच झाला. १९०१ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर होऊन र. पु. परांजपे मुंबईस परतले, तेव्हा सावेदादा भाटवडेकरांनी त्या स्वागताचे चित्रण केले होते. पारतंत्र्यातील लोकांना पडद्यावर प्रथम पाहावेसे वाटते ते आपल्यातील मोठे माणूस. आमच्याकडे ते परतून आलेले होते, त्यांच्याकडे कायमचे गेलेले. एवढाच काय तो भेद.

त्यानंतर ओन मौंगने कथापट काढण्याचे मनावर घेतले. गोष्ट मिळाली ती पी मो निन या ब्रह्मी लेखकाची, आणि नायकाच्या भूमिकेसाठी उभा राहिला वीस वर्षांचा न्यी पू. १३ ऑक्टोबर १९२० रोजी रंगूनच्या रॉयल थिएटरात हा मूकपट झळकला. त्याचे नाव 'म्यित्ता ने थुया'. हे नाव परके वाटते खरे. पण किंचित कान देऊन ऐकले तर त्यात आमच्याच घरची माणसे भेटतात. 'म्यित्ता' म्हणजे पाली 'मेत्ता', संस्कृतातील मैत्री. आणि 'थुया' म्हणजे आमची 'सुरा'. ब्रह्मी जिभेवर पालीतील 'स'चा उच्चार दंत्य 'थ'सारखा होतो व 'र'चा 'य' होतो, एवढे ध्यानात घेतले की कोडे सुटते. प्रेम आणि मद्य, हा त्या चित्रपटाचा विषय. जुगार व दारू यांच्या पायी एका माणसाच्या आयुष्याची कशी माती होते, हे त्यात दाखविले होते.

येथे मराठी वाचकाला गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'चे स्मरण झाल्याशिवाय राहणार नाही. ते नाटक रंगभूमीवर आले १९१९ साली, म्हणजे या ब्रह्मी मूकपटाच्या अवघे एक वर्ष अगोदर. दोघांचा एकमेकांशी संबंध असल्याचा यत्किंचितही पुरावा नाही, आणि तो शोधण्याचे कारणही नाही. महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. आपल्या समाजाचा ऱ्हास कशाने होत आहे, असा प्रश्न दोन्ही देशांतील विचारी माणसे त्या काळी स्वतःस विचारीत होती. आणि राज्यकर्त्यांविरुद्ध उघड बोलण्याची सोय नसल्यामुळे त्या प्रश्नाचे उत्तर अनेकदा घरातल्या व्यसनांत शोधले जात होते. दारूच्या दुकानाचा परवाना सरकार देते, हे प्रेक्षकाला सांगावे लागत नसे.

फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्रा'शी, म्हणजे १९१३ च्या आमच्या आरंभाशी, या चित्रपटाची तुलना केली तर एक फरक चटकन नजरेत भरतो. आमचा चित्रपट पुराणात जन्मला, त्यांचा संसारात. ब्रह्मी रंगभूमीवर जातककथांचा खजिना भरपूर होता. तरी त्यांच्या पहिल्या कथापटाने समकालीन घरातील दुःख निवडले. धर्माविषयी त्या लोकांस आस्था कमी होती असे याचे कारण खचित नव्हे. उलट, भगवान बुद्धाचे सोंग माणसाने आणणे त्यांच्या श्रद्धेला रुचणारे नव्हते. आमच्याकडे देव पडद्यावर अवतरताच प्रेक्षक हात जोडीत. त्यांच्याकडे तो मार्ग बहुतांशी बंद होता. त्यामुळे नटाला साध्या माणसाचे काम करण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि न्यी पूच्या वाट्याला देवाचा मुकुट न येता व्यसनाचा संसार आला. आमच्या मते हे त्या कलेचे सुदैवच होय.

तो चित्रपट यांत्रिक दृष्टीने अगदीच ओबडधोबड होता. कॅमेरा एका जागी रोवलेला, साधने अपुरी आणि शिकविणारा कोणी नाही. परंतु चित्रपट चालला, आणि उत्तम चालला. आजही १३ ऑक्टोबर हा दिवस ब्रह्मदेशात चित्रपटदिन म्हणून मानला जातो. त्याच १९२० सालच्या डिसेंबरात रंगूनच्या विद्यार्थ्यांनी नव्या विद्यापीठ कायद्याविरुद्ध बहिष्कार पुकारला, आणि त्या संपाची आठवण पुढे राष्ट्रीय दिन म्हणून पाळली जाऊ लागली. एकाच शहरात, दोन महिन्यांच्या आत घडलेल्या या दोन घटना. एकीचा उल्लेख राजकीय इतिहासात येतो व दुसरीचा करमणुकीच्या. पण दोहोंच्या मुळाशी 'आमचे आम्ही करू' ही एकच ईर्ष्या होती, असे आम्हांस वाटते.

चित्रपटाला ब्रह्मी भाषेने दिलेले नावही विचार करण्याजोगे आहे. तो शब्द आहे 'योक्‌शिन'. 'योक्' म्हणजे आकृती अथवा बाहुली. हा पाली 'रूप' शब्दाचाच ब्रह्मी अवतार. 'शिन' म्हणजे जिवंत. कळसूत्री बाहुल्यांच्या खेळाला त्यांच्याकडे 'योक्‌थे', म्हणजे लहान आकृती, असे नाव पूर्वीपासून होते, आणि त्या खेळाला राजदरबारी मोठा मान होता. तेव्हा नवे यंत्र आले, त्यावेळी लोकांनी त्याला आपल्या जुन्या खेळाच्या शेजारी बसविले आणि 'जिवंत बाहुली' म्हणून घरात घेतले. आम्ही 'चित्रपट' म्हणताना कापडावरच्या चित्राकडे पाहिले. त्यांनी त्यातल्या हलत्या आकृतीकडे पाहिले. परकी वस्तू आपलीशी करण्याची पहिली पायरी म्हणजे तिला आपल्या भाषेत नाव देणे. ती पायरी दोन्ही देश चढले.

१९२० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत रंगूनमध्ये चित्रपटकंपन्यांचे पेव फुटले. ए-वन, न्यू बर्मा, ब्रिटिश बर्मा, बंडुला, पॅरट अशी त्यांची नावे. मालक ब्रह्मी, नट ब्रह्मी, गोष्टी ब्रह्मी. न्यी पू, सनी, तोत जी, तिन पे हे त्या काळचे नावाजलेले दिग्दर्शक. न्यी पू नुसता नट राहिला नाही, कॅमेऱ्यापुढून तो कॅमेऱ्यामागे गेला. ही वाट आमच्याकडील बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेल्या शांतारामबापूंसारख्या मंडळींनीही चोखाळली. ज्या धंद्यात शाळा नाही, तेथे काम हीच शाळा होते. आणि ज्याने स्वतः दिव्यांच्या झोतात घाम गाळला आहे, त्याला दुसऱ्याकडून काम कसे करून घ्यावे हे पुस्तकावाचून कळते.

मात्र ही मंडळी कोणत्या शहरात काम करीत होती, हे विसरता कामा नये. १९३१ च्या खानेसुमारीप्रमाणे रंगूनची वस्ती सुमारे चार लाख होती व तीत निम्म्याहून अधिक लोक हिंदी होते. गोदीतला हमाल तेलुगू, पेढीवरचा सावकार चेट्टियार, कचेरीतला कारकून बंगाली. ब्रह्मदेशाच्या राजधानीत ब्रह्मी माणूसच अल्पसंख्य झाला होता. मंदीच्या लाटेत भाताचे भाव कोसळले, कर्जे थकली आणि खालच्या ब्रह्मदेशातील जमिनी भराभर सावकारांच्या ताब्यात गेल्या. तेथील तेरा प्रमुख जिल्ह्यांतील भातशेतीपैकी चौथा हिस्सा १९३७ पर्यंत चेट्टियारांच्या मालकीचा झाला होता. १९३० च्या मे महिन्यात रंगूनच्या गोदीवरून हिंदी व ब्रह्मी मजुरांत जी भीषण दंगल झाली, तिची मुळे या जमिनीत होती. आम्ही हिंदी लोक साम्राज्याविषयी तक्रार करीत असताना आमचेच काही बांधव दुसऱ्याच्या देशात त्या साम्राज्याच्या सावलीला धंदा करीत होते, ही गोष्ट इतिहास शिकविणाऱ्याने झाकून ठेवणे योग्य नव्हे.

अशा वातावरणात १९३२ साली एक घटना घडली, जिचा आमच्या मुंबईशी थेट संबंध आहे. बोलपटाचे युग सुरू झाले होते. १४ मार्च १९३१ रोजी अर्देशीर इराणींच्या इंपीरियल कंपनीचा 'आलम आरा' मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात झळकला होता, व ध्वनिमुद्रणाची यंत्रे आणि त्यांचे जाणकार मुंबईत मिळू लागले होते. तेव्हा पहिला ब्रह्मी बोलपट तयार झाला तो रंगूनमध्ये नव्हे, तर मुंबईत. त्याचा दिग्दर्शक तोत जी. चित्रपटाचे नाव होते 'ङ्वे पे लो म या', म्हणजे 'पैसे देऊन मिळत नाही'. १९३२ हे आमच्या 'अयोध्येचा राजा'चेही साल. मराठी पडद्याला आणि ब्रह्मी पडद्याला एकाच वर्षी वाचा फुटली, आणि ब्रह्मी पडद्याला ती फुटली मुंबईत. ज्या दोन समाजांत दोन वर्षांपूर्वी रक्त सांडले होते, त्यांच्यातील कारागीर एका यंत्राभोवती उभे राहून एकमेकांची भाषा टिपून घेत होते, ही घटना आम्हांस त्या काळच्या कित्येक ठरावांहून अधिक मोलाची वाटते.

बोलपट आला तरी मूकपट लगेच अस्तंगत झाला नाही. ध्वनिमुद्रणाचा खर्च मोठा, आणि ब्रह्मी भाषा बोलणारा प्रेक्षकवर्ग मर्यादित. हिंदी बोलपटाला जशी अर्ध्या खंडाची बाजारपेठ होती तशी ब्रह्मी बोलपटाला नव्हती. म्हणून १९३४ सालीही ए-वन कंपनीच्या तिन मौंगने 'म्या गा नैंग', म्हणजे 'पाचूचे अरण्य', हा चित्रपट मूकच काढला. लहान भाषेला नव्या यंत्राची किंमत नेहमीच जास्त पडते. हा अनुभव मराठीलाही अपरिचित नाही.

न्यी पूच्या आयुष्यातील सर्वांत धाडसाचे पाऊल मात्र पश्चिमेस न पडता पूर्वेस पडले. १९३५ साली ए-वन कंपनीसाठी तो थेट टोकियोस गेला, आणि तेथील पी. सी. एल. या चित्रसंस्थेच्या साहाय्याने त्याने एक चित्रपट दिग्दर्शित केला. ब्रह्मीत त्याचे नाव 'जपान यिन थ्वे', जपानीत 'निप्पोन मुसुमे', म्हणजे 'जपानची कन्या'. टोकियोहून रंगूनपर्यंत विमान उडविण्याच्या महत्त्वाकांक्षेने जपानला गेलेले ब्रह्मी तरुण आणि त्यांतील एकाचे एका जपानी मुलीवर जडलेले प्रेम, अशी त्याची कथा. ज्या देशाच्या तरुणाला आपल्याच देशाच्या कारभारात हात घालता येत नव्हता, तो पडद्यावर आकाशाचा रस्ता मोजावयास निघाला, ही कल्पनाच त्या काळी प्रेक्षकांचे रक्त सळसळविणारी असली पाहिजे. १९०५ मध्ये जपानने रशियाला पाणी पाजल्यापासून साऱ्या आशियाचे डोळे त्या देशाकडे लागलेले होते, आणि न्यी पूची ती यात्रा त्याच ओढीची खूण होती.

परंतु इतिहास कधीकधी कवीपेक्षाही कठोर उपरोध करतो. त्या चित्रपटाला सहा वर्षे झाली, आणि २३ डिसेंबर १९४१ रोजी जपानची विमाने खरोखरच रंगूनच्या आकाशात आली. पण ती बाँब घेऊन. शहरातून माणसांचे लोंढे बाहेर पडले. लाखो हिंदी लोक डोंगर व जंगले तुडवीत पायी मायदेशाकडे निघाले, आणि त्यांतील कित्येक वाटेतच मेले. रंगूनचा चित्रपटधंदा पार मोडून पडला. पडद्यावर ज्या आकाशमार्गाचे स्वप्न दाखविले होते, त्याच मार्गाने संहार आला. यात न्यी पूचा दोष काय? ज्याने मैत्रीचे चित्र काढले, त्याला त्या मैत्रीच्या नावाखाली पुढे काय चालेल हे कसे कळावे? तथापि, एका साम्राज्याच्या जाचातून सुटण्यासाठी दुसऱ्याच्या अंगणाकडे पाहणाऱ्या साऱ्या पिढीची शोकांतिका त्या एका चित्रपटाच्या कथेत सामावलेली आहे, एवढे म्हटल्यावाचून आमच्याने राहवत नाही.

या मधल्या वर्षांत इंग्रज सरकारही स्वस्थ बसले नव्हते. पॅरट कंपनी जुगार व पोलिसांची लाचखोरी असले विषय पडद्यावर आणू लागली, तेव्हा सेन्सॉरची कात्री चालू झाली. १९३६ साली 'डो डौंग लान', म्हणजे 'आमचा मयूरध्वज', या चित्रपटावर बंदी आली, आणि १९३७ साली 'औंग थब्ये' या चित्रपटावर. मोर हे ब्रह्मी राजवंशाचे चिन्ह, आणि विद्यार्थिसंघाने तोच झुंजार पवित्र्यातला मोर आपल्या निशाणावर घेतला होता. तेव्हा सरकारला त्या पाखराची धास्ती का वाटावी हे उघड आहे. १९३६ च्या विद्यार्थिसंपातून औंग सान व ऊ नू हे तरुण पुढे आले. 'बॉयकॉट' नावाच्या त्या काळच्या चित्रपटात या विद्यार्थी पुढाऱ्यांनीही काम केले होते. राष्ट्राचे भावी शिल्पकार पडद्यावर नट म्हणून उभे राहिल्याचे असे उदाहरण अन्यत्र क्वचितच सापडेल. १ एप्रिल १९३७ रोजी ब्रह्मदेश हिंदुस्थानापासून वेगळा झाला, तरी राज्यकर्ते तेच राहिले व कात्रीही तीच राहिली.

४ जानेवारी १९४८ रोजी ब्रह्मदेश स्वतंत्र झाला. १९५२ पासून तेथे चित्रपटांसाठी राष्ट्रीय पारितोषिके दिली जाऊ लागली, आणि काही काळ त्या धंद्याला बरे दिवस आले. परंतु १९६२ साली लष्कराने सत्ता बळकावली, पुढे चित्रपटगृहे सरकारजमा झाली, आणि परकीय सेन्सॉरच्या जागी स्वकीय सेन्सॉर बसला. न्यी पू हे सारे पाहत राहिला. तो १९९६ साली वारला. ज्या माणसाने हिंदुस्थानच्या एका प्रांताचा रहिवासी म्हणून कॅमेऱ्यापुढे पहिले पाऊल टाकले, त्याने पुढे वेगळी वसाहत, जपानी अंमल, स्वातंत्र्य, लष्करी राजवट आणि १९८८ चा विद्यार्थ्यांचा उठाव, एवढी स्थित्यंतरे डोळ्यांनी पाहिली. राजे व राज्ये बदलत गेली, आणि पहिल्या चित्रपटाचा पहिला नट मात्र शतकाच्या अखेरीपर्यंत जिवंत होता.

तो जिवंत होता, पण त्याचा पहिला चित्रपट जिवंत नव्हता. 'म्यित्ता ने थुया'ची प्रत आज उपलब्ध नाही. जुन्या फिती ज्वालाग्राही रसायनाच्या असत. दमट हवा, युद्धाची आग आणि माणसांची अनास्था या तिन्ही शत्रूंपुढे त्या टिकल्या नाहीत. आम्ही याबद्दल ब्रह्मी लोकांस नावे ठेवण्याच्या योग्यतेचे नाही. 'राजा हरिश्चंद्रा'चा तरी आमच्याकडे काही भागच उरला आहे, आणि हिंदी मूकपटांपैकी फारच थोडे पुण्याच्या संग्रहालयापर्यंत पोहोचले. ते संग्रहालयही १९६४ साली, म्हणजे पुष्कळसे हातचे गेल्यावर, निघाले. 'म्या गा नैंग' मात्र सुदैवाने वाचला. इटलीतील बोलोन्या येथील कारागिरांनी त्याची जीर्ण फीत एकेक चौकट साफ करून पुन्हा दाखविण्याजोगी केली, आणि २०१६ मध्ये तो रंगूनच्या प्रेक्षकांनी पुन्हा पाहिला. ऐंशी वर्षांपूर्वीचे आपल्या देशातील चेहरे, नद्या व रस्ते त्या पडद्यावर पाहताना त्या लोकांस काय वाटले असेल, याची कल्पना शब्दांत मांडणे कठीण आहे.

१३ ऑक्टोबर २०२० रोजी ब्रह्मी कथापटाला शंभर वर्षे पूर्ण झाली. त्यानंतर चार महिन्यांच्या आत, १ फेब्रुवारी २०२१ रोजी, तेथे पुन्हा लष्कराने सत्ता घेतली. आणि त्याच वर्षी जनतेच्या बाजूने बोलल्याबद्दल कित्येक नट व दिग्दर्शक यांच्या नावे पकडवॉरंटे निघाली. ज्या कलेचा उगम एका देशभक्ताच्या प्रेतयात्रेत झाला, तिचा सत्तेशी असलेला झगडा शंभर वर्षांनीही मिटलेला नाही, एवढे यावरून दिसून येते.

न्यी पू हा जगातील थोर नटांपैकी एक होता असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणावयास जी साधने लागतात, ती काळाने हिरावून घेतली आहेत. नटाची कीर्ती फितीवर असते, आणि त्याच्या पहिल्या कामाची फीतच उरली नाही. पण इतिहासात पहिलेपणालाही एक मोल असते. मागे कोणी उभे राहिलेले नसताना कॅमेऱ्यापुढे उभे राहणे, आणि पुढे तोच कॅमेरा स्वतःच्या हाती घेऊन परक्या राजधानीत आपल्या देशाची गोष्ट सांगावयास जाणे, याला लागणारे धैर्य लहान नव्हे. मंडालेच्या कोठडीची व रत्नागिरीच्या राजवाड्याची आठवण आमच्या मुलांस आम्ही देतो, ती दिलीच पाहिजे. तिच्या जोडीला ज्या वर्षी मराठी पडदा बोलू लागला त्याच वर्षी मुंबईत ब्रह्मी पडदाही बोलू लागला, हेही त्यांस सांगावे. म्हणजे शेजारचा देश त्यांना केवळ कैद्यांचा व कैदखान्यांचा वाटणार नाही.